पाखरांची पंगत

निवृत्त झाल्यापासून परसातील पेरूच्या झाडाखाली दाणापाणी ठेवण्याचा माझा नेम आहे. पंगत एकच, पण प्रत्येक पाहुण्याची आवड निराळी! चिमण्यांना बाजरी नि तांदळाच्या कण्या प्रिय. त्यांची आखूड, जाड चोच दाण्याचे टरफल सहज सोलते. होला त्या खटपटीत पडत नाही. तो दाणा सबंधच गिळतो. बुलबुल धान्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मात्र पिकल्या पपईची फोड ठेवली, की स्वारी जोडीने हजर! सातभाई घोळक्याने येतात आणि कलकलाट करीत मिळेल ते खातात. त्यांच्या आवडीनिवडीविषयी काय लिहावे?

२०२४ च्या उन्हाळ्यात वळचणीला चिमणीची पिले होती. ताटलीत बाजरी असूनही चिमणाचिमणी पुनःपुन्हा लिंबोणीकडे धावत. तेथे पाने कुरतडणाऱ्या अळ्या होत्या. वाढत्या पिलांना मऊ, कसदार अन्न हवे असते. म्हणून स्वतः दाणे टिपणारी चिमणीही त्यांना प्रथम किडे-अळ्याच भरवते.

शेजाऱ्यांनी आपुलकीने कीटकनाशकाचा फवारा आणून दिला. लिंबोणी मी हाताने लावलेली, प्रथमच बहरास आलेली. तिची दशा पाहवत नव्हती. पण अळ्या मेल्या तर पिलांचा घास जाणार, आणि विषारलेली अळी त्यांच्या चोचीत पडली तर पिलेच जाणार! फवारा तसाच परत केला.

लिंबोणीची निम्मी पाने गेली. लोणच्याची लिंबे मंडईतून आणावी लागली, तेव्हा घरातून दोन शब्द ऐकूनही घेतले. पिले मात्र १५-१६ दिवसांत घरट्याबाहेर पडली आणि पेरूच्या फांदीवर पंख फडफडवीत आईकडे घास मागू लागली.