वीतभर देव आणि सांडलेले दूध

कोल्हापूरला गेलेला पाहुणा आधी अंबाबाईचे दर्शन घेतो, मग तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर ताव मारतो आणि निघता निघता चपलांचा जोड बांधून घेतो. आम्हीही तेच केले. पण आमचे चिरंजीव हटून बसले, "बाबा, टाउन हॉल पाहायचाच!" दहावीनंतर चित्रकला शिकायची, हा हट्ट त्याने वर्षभर धरला होता आणि मी तो वर्षभर टाळला होता. चित्रे काढून पोट भरते का, हे माझे ठरलेले वाक्य.

मेजर मँटच्या आराखड्याप्रमाणे १८७६ साली पुरी झालेली ही टोकदार शिखरांची इमारत आता वस्तुसंग्रहालय आहे. आबालाल रहिमानांची चित्रे पाहून मी परत फिरणार, तो चिरंजीव एका काचेपुढे थबकलेले. आत होता पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव! ब्राँझचा, वीतभरसुद्धा उंच नाही. एक हात वर उचललेला. त्यातला त्रिशूळ मात्र गेलेला. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात तो सापडला. तिथेच १९४५-४६ मध्ये सांकळिया आणि दीक्षित यांनी उत्खनन करून सातवाहनकालीन वस्ती उजेडात आणली. इटलीत घडलेली ब्राँझची भांडीही तिथे मिळाली. समुद्र ओलांडून, सह्याद्रीचा घाट चढून आलेला हा देव आपल्या मातीत शतकानुशतके निजला होता!

चिरंजिवांनी वही काढली आणि शाईच्या पेनाने रेघ ओढली.

"अरे, आधी पेन्सिलीने काढ. शाई खोडता येत नाही."

"म्हणूनच नीट बघावं लागतं, बाबा." मान वर न करता तो सांगू लागला. हॉलंडमध्ये हेम्सकेर्क नावाचा चित्रकार होता. १५३२ साली तो रोमला गेला आणि तिथले भग्न पुतळे, पडके वाडे त्याने टाक-शाईने वहीत उतरवले. ती चित्रे आज बर्लिनला जपून ठेवली आहेत.

"त्याचे वडील शेतकरी होते. त्यांनी त्याचं शिकणं बंद करून त्याला गाई दोहायला लावलं. एके दिवशी दुधाची चरवी सांडली. वडील काठी घेऊन धावले. मग आईने चार पैसे आणि शिदोरी दिली, आणि तो घर सोडून गेला. त्याच्या चरित्रात लिहिलंय तसं."

सौभाग्यवतींनी माझ्याकडे असे काही पाहिले, की त्या चार पैशांची तजवीज झाली आहे हे मी ओळखले.

तासाभराने चित्र पुरे झाले. त्रिशूळ नसलेली मूठ त्याने रिकामीच ठेवली होती. "त्रिशूळ का नाही काढलास?" मी विचारले. तो म्हणाला, "जे दिसलं नाही, ते कसं काढू?"

रात्री गंगावेशीत दूधकट्ट्यावर गेलो. म्हशी समोर उभ्या, धारोष्ण दुधाचे फेसाळ पेले हातात. गर्दीत चिरंजिवांचा पेला हिंदकळला, दूध सांडले. तो दचकून माझ्याकडे पाहू लागला.

"सांडू दे," मी म्हणालो. "दुसरा घे. आणि प्रवेशाचा अर्ज कधी भरायचा असतो, तेवढे सांग."