चार हजार हर्ट्झच्या वरचे पक्षी

वऱ्हाडातला वसंत मोजून चार-पाच आठवड्यांचा. महाशिवरात्रीला थंडी निघून जाते, होळीला पळस फुललेला असतो, आणि गुढीपाडवा झाला की सकाळी नऊलाच डोक्याला दुपट्टा गुंडाळावा लागतो. पक्षी बघायचे ते या मधल्या दिवसांत. पानगळीमुळे झाडं अर्धी उघडी असतात, विणीचा हंगाम जवळ आलेला असतो म्हणून नर गात असतात, आणि हिवाळी पाहुणे अजून सगळे परतलेले नसतात. एका फांदीवर स्थानिक आणि परदेशी दोघं सापडण्याचे हे दिवस.

मी मूळची तिवस्याची. नोकरीसाठी अमरावतीत खोली करून राहते. रविवारी सकाळी वडाळी तलावाजवळची बाग किंवा छत्री तलाव, हा माझा चार वर्षांचा नेम. शहराला लागूनच पोहरा-मालखेडचं जंगल आहे, त्यामुळे आमच्या बागांमध्ये पुण्या-मुंबईच्या बागांपेक्षा जास्त माल असतो, असं मी (जरा जास्तच अभिमानाने) सांगत असते. पिंपळाला फळं धरली की त्यावर तांबट, कोकीळ आणि नशीब असेल तर हरियल. हरियल म्हणजे आपला राज्यपक्षी. पिवळे पाय, हिरवं अंग, आणि पानांत इतका बेमालूम की वीस बसलेले असले तरी उडेपर्यंत एकही दिसत नाही.

गेल्या वर्षीपासून या नेमात बाबा आले. कारण पक्षी नव्हते, कान होते.

बाबा चौसष्ट वर्षांचे. थोडी संत्र्याची बाग, बाकी कपाशी-सोयाबीन, आणि पंचवीस वर्षं भाड्याने थ्रेशर चालवण्याचा धंदा. थ्रेशरजवळ दिवसभर उभं राहणं म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. कानात बोळेसुद्धा घालत नसत. दोनेक वर्षांपासून घरात एक नवीन भांडण सुरू झालं होतं. आई काही सांगायची, बाबा भलतंच उत्तर द्यायचे, आई चिडायची, आणि बाबा म्हणायचे, "मले आयकू येते सारं. तुमीच लोकं तोंडातल्या तोंडात बोलता." माझी भाची फोनवर "आजोबा, शाळेत काय झालं माहितीये का" म्हणून सुरू व्हायची आणि बाबा अर्ध्या मिनिटात फोन आईकडे द्यायचे. भाचीने मग आजोबांना मागणं बंद केलं. हे मला कानांपेक्षा जास्त लागलं.

अमरावतीत एका कानाच्या डॉक्टरांकडे तपासणी केली. ऑडिओग्राम नावाचा एक आलेख मिळतो. आडव्या रेषेवर डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. उभ्या रेषेवर आवाज किती मोठा केल्यावर ऐकू आला ते, आणि रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. बाबांची रेघ हजार हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी वर होती. पुढे ती घसरत गेली आणि चार हजारांजवळ खड्ड्यात पडली. वर्षानुवर्षं यंत्राच्या आवाजात काम करणाऱ्यांचा खड्डा साधारण तिथेच पडतो. वयाने जाणारं ऐकणंही बारीक आवाजापासूनच सुरू होतं. बाबांच्या बाबतीत दोन्ही एकत्र आलं होतं.

आणि मग कळलं की बाबा खोटं बोलत नव्हते. "मले आयकू येते" हे खरंच होतं. स्वरांचा जोर जाड बाजूला असतो, ते त्यांना ऐकू येत होते. स, श, फ, थ ही व्यंजनं बारीक बाजूची, ती गळत होती. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. त्यामुळे समोरचा पुटपुटतोय असंच वाटतं. लहान मुलीचा आवाज तर आधीच बारीक.

तो आलेख बघताना माझ्या डोक्यात पक्षी आले. नाइलाज आहे. भारद्वाजाचा घुमणारा हुंकार काहीशे हर्ट्झचा. होला तसाच. तांबटाची टुकटुक हजाराच्या आसपास किंवा खालीच. कोकीळ त्याच्या थोडा वर. शिंजीर, शिंपी, चष्मेवाला ही मंडळी मात्र पार उजवीकडे. म्हणजे एकाच बागेत उभं राहून बाबांना एक बाग ऐकू येत असणार आणि मला दुसरी.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. मशीन लावायचं की नाही यावर ते बोलायला तयार नव्हते (किंमत मात्र त्यांना पहिल्या झटक्यात नीट ऐकू आली होती). मी त्यांना वडाळीला नेलं. एका वाळक्या फांदीवर तांबट बसला होता. हा पक्षी चोच मिटूनच आवाज काढतो, गळा फुगतो आणि डोकं वळेल तसा आवाज जागा बदलल्यासारखा वाटतो. बाबांनी मान वर न करता सांगितलं, "थो तांबट. आयकू येऊन राह्यला मले." मी म्हटलं, अजून काय ऐकू येतंय? त्यांनी कोकीळ सांगितला, होला सांगितला, साळुंकी सांगितली. आमच्यापासून चार हातांवर शिंजिराचा नर फुलावर लटकून जीव खाऊन ओरडत होता. त्याचं नाव त्यांनी घेतलं नाही.

मी फोन काढला. मर्लिन नावाचं एक ॲप आहे, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं, फुकट. ते आजूबाजूचा आवाज ऐकतं, स्क्रीनवर त्याचं चित्र सरकत राहतं आणि पक्ष्याचं नाव येतं. जाड आवाज चित्रात खाली, बारीक वर. बाबांनी स्क्रीन हातात धरली. खालच्या रेघा उमटल्या की ते मान हलवायचे, हा येते आयकू. मग वरच्या बाजूला बारीक काड्यांची एक रांगच्या रांग उमटली. त्यांनी फोन कानाजवळ नेला, लांब धरला, परत बघितला.

"हे कोन बोलून राह्यलं?"

"शिंजीर. तो बघा, समोर."

त्यांनी समोर बघितलं. चोच उघडत होती, मिटत होती. बराच वेळ ते त्या चोचीकडे बघत होते. मग म्हणाले, "लहानपनी याईचा आवाज लय होता." आणि पुढे चालायला लागले.

लहानपणचं ते एरवी फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी भोरड्यांचं बोलले. इंग्रजीत जिला रोझी स्टार्लिंग म्हणतात ती गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची मैना. बाबांच्या बालपणी तिवस्याच्या शिवारात ज्वारी असायची आणि भोरड्यांचे थवे कणसांवर उतरायचे. शाळा बुडवून माळ्यावर उभं राहायचं, गोफण फिरवायची, ओरडायचं. आता ज्वारी जवळपास गेली. भोरड्या येतात अजून, फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावरीवर आणि पळसावर कल्ला करतात, एप्रिलमध्ये मध्य आशियाकडे निघतात. तिथे विणीच्या काळात त्या टोळ खातात. धान्यावर ताव मारणारा आमचा शत्रू तिकडच्या शेतकऱ्याचा मित्र, हे ऐकून बाबा म्हणाले, "मंग आमच्याच वावरात काय मेलं होतं त्याईले?"

पुढच्या रविवारी ते स्वतःच तयार होऊन बसले होते. आम्ही यादी करायला लागलो. यादी करणं हा वेळ घालवण्याचा उद्योग वाटतो, पण 2023 चा भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल अशाच याद्यांवर उभा आहे. तीस हजारांहून जास्त हौशी लोकांच्या तीन कोटींवर नोंदी. दीर्घकाळाचा कल सांगता आला अशा 338 जातींपैकी 204 घटलेल्या निघाल्या. कोकीळ वाढलाय, नीलपंख कमी होतोय. नीलपंख एकेकाळी तारेवर हमखास दिसायचा, असं बाबाही म्हणतात. आणि वय झालेल्या निरीक्षकांच्या यादीतून बारीक आवाजाचे पक्षी आधी गळतात, ही जगभरच्या पक्षीवाल्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. पक्षी तिथेच असतो.

यादीवरून आमचं भांडण झालं. फोनने नाव दाखवलं की मी लिहायला जायचे आणि बाबा अडवायचे. "दिसल्याबिगर लिवाचं नाई." एकदा ॲपने शिक्रा दाखवला. बाबांनी फोनकडे दुर्लक्ष करून कडुनिंबाचा शेंडा न्याहाळला आणि म्हणाले, "कोतवाल हाये थो. सोंग करते." खरंच कोतवाल होता. तो शिक्र्याची नक्कल करतो, साळुंक्या घाबरून उडतात आणि त्यांनी टिपलेला किडा हा पळवतो. बाबांनी ते शेतात शंभरदा पाहिलेलं. ॲपवाले स्वतःही सांगतात की नाव सुचवलं तरी खात्री तुम्ही करा. त्या दिवशी बाबा दुपारच्या जेवणापर्यंत खुशीत होते.

मशीन शेवटी या जानेवारीत घेतलं, मृग बहराच्या संत्र्याचा सौदा झाल्यावर. सिनेमात दाखवतात तसं काही झालं नाही. पहिले दोन आठवडे त्यांना पन्नीची चुरचुर, चपलांची घासघास आणि आईच्या भांड्यांचा आवाज असह्य झाला. इतकी वर्षं न मिळालेले आवाज ओळखायला मेंदूला वेळ लागतो, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बसस्टँडवर ते मशीन काढून खिशात टाकतात. लग्नाच्या डीजेतही. भाचीचा फोन आला की मात्र लावतात. परवा तिने त्यांना शाळेतल्या कुण्या मुलीची तक्रार वीस मिनिटं सांगितली.

बागेत शिंजीर त्यांना ऐकू येतो, पण "पहिल्यासारका नाई, डब्यातून बोलल्यावानी" येतो म्हणतात. चष्मेवाला अजूनही नाही. शिंपी कधी येतो, कधी नाही. येत्या रविवारी कौंडण्यपूरला वर्धेच्या काठावर जायचं ठरलंय, पाच वाजता निघायचं. त्यांनी मशीनचे सेल आत्ताच बदलून ठेवलेत, आणि मला बजावलंय की दुर्बीण विसरू नकोस, फोन असला नसला तरी चालते.