आधी हाड, मग पुस्तक

बीएएमएसच्या पहिल्या वर्षात माणसाच्या शरीरात हाडं किती, या एका प्रश्नाची तीन उत्तरं यावी लागतात. चरकाची ३६०, सुश्रुताची ३०० आणि आजच्या शरीररचनाशास्त्राची २०६. मी २००३ साली निफाड तालुक्यातून नाशिकला गणेशवाडीतल्या आयुर्वेद महाविद्यालयात आले, तेव्हा रचना शारीराच्या, म्हणजे अॅनाटॉमीच्या सरांनी फळ्यावर हे तीन आकडे लिहिले आणि सांगितलं, "हे पाठ करू नका. कोणी काय मोजलंय ते शोधून आणा."

आम्ही शोधलं. चरकाने बत्तीस दात, दातांची बत्तीस उखळं आणि वीस नखंसुद्धा हाडांत धरली आहेत. सुश्रुताने हाडांचे पाच प्रकार केले: कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. त्यातले रुचक म्हणजे दात, आणि तरुण म्हणजे नाक-कानातली कूर्चा. मोजायचे नियम वेगळे, म्हणून बेरजा वेगळ्या. हे एकदा हाताने मांडलं की आकडे विसरायचा प्रश्नच उरत नाही. आज वीस वर्षांनंतरही मला ते आठवतात, पण त्याहून मोलाचं म्हणजे ते का वेगळे आहेत ते आठवतं. शरीर हा विषय पाठांतराचा आहे असं सगळेच सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. पाठांतर लागतंच, पण ते शेवटी येतं. आधी पाहणं, हात लावणं, स्वतःच्या तोंडाने सांगणं, आणि मग पुस्तकाशी ताडून घेणं.

पंचवटीत आम्ही तिघी मैत्रिणी एका खोलीत भाड्याने राहायचो. एक सुरगाण्याची, एक येवल्याची आणि मी. तिघींचीही शाळा मराठी माध्यमाची. बी. डी. चौरसियांच्या अॅनाटॉमीच्या इंग्रजी पुस्तकाचं पान उघडलं की पहिल्या ओळीतच चार अनोळखी शब्द असायचे. बोन सेट आमच्याकडे एका सीनियर ताईकडून आला, कापडी पिशवीत, आणि पिशवीबरोबर तिने एक नियमही दिला: हाड हातात असताना पुस्तक बंद. आधी हाड फिरवून बघायचं. कुठे गुळगुळीत आहे, कुठे खडबडीत, कुठे खाच, कुठे भोक. खडबडीत जागा दिसली की तिथे काहीतरी चिकटलेलं असणार, स्नायू किंवा अस्थिबंध. गुळगुळीत, चकचकीत जागा दिसली की तिथे सांधा. भोकातून बहुधा रक्तवाहिनी नाहीतर नस जाणार. एवढ्या तीन गोष्टी कळल्या की कुठलंही हाड निम्मं वाचून होतं, आणि पुस्तक उघडल्यावर त्यातली नावं आपण आधीच पाहिलेल्या जागांना लागतात.

व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, परीक्षक हाड हातात देतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणत्या बाजूचं? गुडघ्याच्या वाटीची युक्ती मला त्या ताईनेच शिकवली. वाटीची मागची बाजू टेबलावर टेकवायची, निमुळतं टोक आपल्यापासून लांब ठेवायचं, आणि हात सोडायचा. वाटी ज्या बाजूला कलते त्या बाजूची ती. कारण मागच्या पृष्ठभागाचा बाहेरचा भाग मोठा असतो आणि वाटी त्याच्यावर टेकते. युक्ती सगळेच शिकवतात. ताई मात्र कारण सांगितल्याशिवाय पुढचं हाड काढू देत नसे, आणि तिचं तेच बरोबर होतं. परीक्षक दुसरा प्रश्न कारणाचाच विचारतात.

मग रंगीत खडू. ज्या जागेवरून स्नायू निघतो ती लाल, जिथे जाऊन चिकटतो ती निळी, पुस्तकातल्या चित्रात असतं तसंच. पण चित्र समोर न ठेवता. ह्युमरस, म्हणजे दंडाचं हाड घ्यायचं, आठवेल तेवढं रंगवायचं, मग चौरसिया उघडून चूक दुरुस्त करायची, आणि ओल्या फडक्याने सगळं पुसून टाकायचं. दुसऱ्या दिवशी परत. पुसून टाकणं फार महत्त्वाचं. रंगवलेलं हाड तसंच ठेवलं तर ते सुंदर दिसतं आणि आपण नुसतं बघत बसतो.

तीच गोष्ट ब्रॅकियल प्लेक्ससची. मानेतल्या पाचव्या ते आठव्या आणि छातीतल्या पहिल्या नसेपासून हाताच्या सगळ्या नसा कशा तयार होतात, त्याचं ते जाळं पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाला घाबरवतं. येवल्याची मैत्रीण रोज सकाळी आंघोळीच्या आधी जुन्या वर्तमानपत्राच्या समासात ते काढायची. मुळं, खोडं, विभाग, दोर, शाखा. कागद संपले तर जमिनीवर खडूने. दिवाळीपर्यंत तिचा हात चित्र काढायला लागला की डोकं वेगळं चालवावं लागत नसे.

या विषयाची सगळ्यात स्वस्त प्रयोगशाळा आपलं अंग आहे, आणि ती मुलं वापरत नाहीत याचं मला वाईट वाटतं. उरोस्थीवर वरून खाली बोट फिरवलं की एक आडवा उंचवटा लागतो. तिथे दुसरी बरगडी जोडलेली असते, आणि तिथून खाली मोजत गेलं की पाचव्या-सहाव्या बरगडीच्या मधल्या जागेत हृदयाचा ठोका हाताला लागतो. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या मागे अल्नर नस बोटाखाली सरकते; तिथे धक्का लागला की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, मग ती नस करंगळीला जाते हे पाठ कशाला करायचं? अंगठा ताणला की मनगटाच्या बाहेरच्या बाजूला दोन कंडरांमध्ये खड्डा पडतो. त्याच्या तळाशी स्कॅफॉइड हाड, आणि वरून रेडियल धमनी जाते. अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवून मनगट थोडं वाकवलं की बहुतेकांच्या मनगटाच्या मधोमध एक दोरी उठून दिसते. ती पामारिस लाँगसची. काहींना हा स्नायू नसतोच. आमच्या खोलीत सुरगाण्याच्या मैत्रिणीच्या डाव्या हाताला तो नव्हता. पुस्तकातलं शरीर आणि खरं शरीर यांत फरक असू शकतो, हे आम्हाला डिसेक्शन हॉलमध्ये जायच्या आधी तिच्या मनगटाने शिकवलं.

डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात. पहिल्या दिवशी देहदान केलेल्या त्या माणसाला नमस्कार करून काम सुरू झालं. आमच्या टेबलावर पद्धत अशी होती की एकाने सुरी-चिमटा धरायचा, एकाने कनिंगहॅमच्या मॅन्युअलमधली त्या दिवसाची पायरी मोठ्याने वाचायची, आणि तिसऱ्याने जे दिसतंय ते पुस्तक न बघता सांगायचं. भूमिका रोज बदलायच्या. आदल्या रात्री तो भाग एकदा डोळ्यांखालून घालून न जाता हॉलमध्ये उभं राहणं म्हणजे त्या देहदात्याचं देणं वाया घालवणं, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

सुश्रुताने शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात शवविच्छेदनाची कृती दिली आहे. सगळे अवयव शाबूत असलेलं, विषाने किंवा दीर्घ आजाराने न मेलेलं शरीर घ्यावं, आतडी साफ करावीत, मुंज, कुश, ताग यांनी लपेटून पिंजऱ्यात ठेवावं आणि वाहत्या पाण्यात एकांत जागी बुडवून ठेवावं. सात रात्रींनी ते बाहेर काढून वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून एकेक थर डोळ्यांनी पाहावा. भास्कर गोविंद घाणेकरांची या स्थानावरची हिंदी टीका आमच्या सगळ्यांच्या टेबलावर असायची. बनारसला शिकवणाऱ्या या मराठी वैद्याने सुश्रुताचं वचन आणि आधुनिक शरीररचना शेजारी शेजारी ठेवून तपासली आहे. गोदावरीच्या काठच्या गावात बसून तो अध्याय वाचताना वाहत्या पाण्याचा तपशील मनात नीट उतरायचा. त्याच अध्यायात सुश्रुत म्हणतो की शास्त्रात वाचलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं, दोन्ही एकत्र आलं म्हणजे ज्ञान वाढतं. आणि सूत्रस्थानात तर त्याने अर्थ न समजता पुष्कळ शास्त्रं शिकलेल्याची तुलना चंदनाचा भार वाहणाऱ्या गाढवाशी केली आहे, ज्याला वजन कळतं पण चंदन कळत नाही. पहिल्या वर्षाच्या वर्गात हे वचन भिंतीवर लावायला हवं.

पाहिलेलं टिकवायचं कसं? त्यासाठी आमच्याकडे जेवणाचा एक जुना डबा होता. दिवसभरात शिकलेल्या गोष्टींचे प्रश्न रात्री चिठ्ठ्यांवर लिहून त्यात टाकायचे. रविवारी जेवणानंतर तिघींनी आळीपाळीने चिठ्ठी उचलायची आणि उभं राहून उत्तर द्यायचं. बरोबर आलेली चिठ्ठी महिनाअखेरीला परत काढायच्या दुसऱ्या डब्यात, चुकलेली परत याच डब्यात. उभं राहून सांगणं हा नियम मुद्दाम होता, कारण व्हायवात तसंच सांगावं लागतं. बसून मनातल्या मनात "येतंय मला" असं वाटतं, आणि तोंड उघडल्यावर तिसऱ्या वाक्याला अडतं.

पुढे कळलं की या गोष्टीचा रीतसर अभ्यास झालेला आहे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांच्या गटांना एक उतारा दिला. एका गटाने तो पुनःपुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून नंतर न बघता आठवून लिहायचा सराव केला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री चारदा वाचून गेलेल्या मुलीला सकाळी सगळं येतंय असं का वाटतं, आणि तेच पुढच्या वर्षी रोगनिदान शिकताना का आठवत नाही, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. आम्हाला तर तिसऱ्या वर्षीही शरीर लागतं, आणि दवाखान्यात आयुष्यभर.

क्रिया शारीराचा, म्हणजे फिजिऑलॉजीचा अभ्यास वेगळा. तिथे हाड हातात घेता येत नाही. तिथे विचारायचं एवढंच: मग पुढे काय होतं? झोपलेली मैत्रीण एकदम उभी राहिली. सुमारे अर्धा लिटर रक्त पायांकडे उतरलं. मग हृदयाकडे परतणारं रक्त कमी झालं. मग एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त कमी. मग रक्तदाब उतरायला लागला. मानेतल्या कॅरोटिड सायनसमधल्या संवेदकांवरचा ताण कमी झाला, नवव्या नसेवाटे मेंदूकडे जाणारे संदेश मंदावले, आणि मेंदूने हृदयाचे ठोके वाढवले, रक्तवाहिन्या आवळल्या. आम्ही हे खोलीत करून बघायचो. झोपलेलीची नाडी मोजायची, उभी करायची, लगेच परत मोजायची. वाढलेले ठोके बोटांखाली लागले की बाणांची साखळी खरी होते. ही साखळी मी आधी मराठीत सांगायचे, घरी आईला सांगितली तरी कळेल अशी, आणि मग त्यात इंग्रजी नावं बसवायचे. एका ठोक्याला ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे पाच लिटर; अंगातलं जवळजवळ सगळं रक्त एका मिनिटात एक फेरी मारतं. हा गुणाकार स्वतः करून बघणाऱ्याला कार्डिअॅक आउटपुटची व्याख्या विचारावी लागत नाही.

प्रॅक्टिकललाही हेच. साहलीच्या पद्धतीने हिमोग्लोबिन काढताना रक्त आम्लात मिसळून काही मिनिटं थांबायचं असतं. का? अॅसिड हिमॅटिनचा तपकिरी रंग पूर्ण यायला वेळ लागतो. घाई केली तर आकडा कमी येतो. जर्नलमध्ये कृती उतरवून काढणाऱ्याला हे कळत नाही, प्रत्येक पायरीला "का" विचारणाऱ्याला कळतं.

व्यान वायू आणि रक्ताभिसरण, पित्त आणि पाचकरस, यांच्यासाठी मी वेगळ्या वह्या ठेवल्या होत्या. दोन शास्त्रं शेजारी ठेवून वाचावीत, पण घाईने एकाला दुसऱ्याचं लेबल लावू नये. तसं केलं की दोन्ही उथळ होतात.

लक्षात ठेवायच्या वाक्यांबद्दल, मनगटाच्या आठ हाडांची आद्याक्षरं जुळवलेल्या त्या इंग्रजी ओळींबद्दल, माझं मत असं: क्रम लक्षात राहण्यापुरत्या त्या चांगल्या. पण मनगटाच्या क्ष-किरण चित्रावर बोट ठेवून ते हाड दाखवता आलं नाही तर ती ओळ निरुपयोगी. पिवळ्या-गुलाबी मार्करने रंगवलेल्या पानांबद्दलही तेच. आजच्या व्हिडिओंना मी नावं ठेवत नाही. त्रिमितीत फिरणारं हृदय आम्हाला मिळालं असतं तर आम्ही रात्रभर बघितलं असतं. मात्र व्हिडिओ थांबवून स्वतः बोलून दाखवणं, ही सवय पडायला हवी.

आता माझ्या दवाखान्यात रविवारी सकाळी पहिल्या वर्षाच्या काही मुली येतात. बहुतेक दिंडोरी, पेठ, कळवणकडच्या. १९९८ साली स्थापन झालेलं, म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ सबंध राज्यातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची परीक्षा घेतं, आणि त्या परीक्षेची भीती या मुली गावाहून घेऊनच आलेल्या असतात. पहिल्या रविवारी मी त्यांना फक्त कॉलरबोन देते. एक टोक चपटं, एक जाडसर, जाडसर टोकाकडचा भाग पुढे फुगलेला. आधी स्वतःच्या गळ्याखाली ते हाड या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपायचं, मग हातातलं हाड त्याच्यासमोर धरून बाजू ठरवायची आणि कशावरून ठरवली ते बाकीच्यांना सांगायचं. हे एकदा झालं की खडू बाहेर निघतो, आणि खालच्या बाजूची खाच कोणत्या स्नायूची, यावर वाद सुरू होतो. तो वाद मी सोडवत नाही. त्या चौरसिया उघडून सोडवतात, आणि पुढच्या रविवारी ज्या मुलीचं चुकलं होतं तिने ते हाड पहिल्यापासून शिकवायचं असतं.