दोन कर्णे आणि एक आरसा

बेंगळुरूच्या टाउन हॉलपासून मिनर्व्हा सर्कलकडे जाणाऱ्या रस्त्याला म्हैसूरच्या अखेरच्या महाराजांचे, जयचामराजेंद्रांचे नाव आहे. परंतु एवढे लांब नाव घेण्याची सवड त्या शहरात कोणाला नाही. सारे त्याला जे. सी. रोड म्हणतात. वाहनांच्या सुट्या भागांची ही जुनी बाजारपेठ. दुकानांच्या दारांत आसनांची आवरणे, दिवे, आरसे आणि हॉर्न टांगलेले असतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला हॉर्न वाजवून दाखवावा लागत असल्याने रस्त्यावरच्या आवाजात दुकानांतल्या आवाजाचीही भर पडत असते.

एका शनिवारी सकाळी निपाणीकडचा एक तरुण आपली मोटारसायकल घेऊन तेथल्या एका लहानशा दुकानापाशी थांबला. घरोघरी पार्सले पोहोचवणे हा त्याचा व्यवसाय. चार दिवसांपूर्वी सिल्क बोर्डच्या चौकाजवळ पाण्याच्या एका टँकरने त्याला पदपथाकडे रेटले होते. त्याने हॉर्नचे बटण जिवाच्या आकांताने दाबून धरले, पण चालकाला तो ऐकूच गेला नाही. हँडलचे टोक कठड्याला घासले, पाय खरचटला आणि टँकर निघून गेला. पाय कशाने खरचटला, हे त्याने पत्नीला सांगितले नाही. ‘हॉर्न बदलायचा आहे,’ एवढेच सांगून त्याने पैसे मागून घेतले होते.

“काय पाहिजे, तम्मा?” दुकानातल्या वृद्ध मेकॅनिकने कन्नडमध्ये विचारले. तरुणाने मोडक्या कन्नडमध्ये सांगायला सुरुवात केली, एवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो मराठीत बोलू लागला. फोन संपल्यावर म्हाताऱ्याने मराठीतच विचारले, “निपाणी का?” तो चिक्कपेटेतल्या भावसार घराण्यातला होता. शहाजीराजांच्या जहागिरीपासून, म्हणजे सतराव्या शतकापासून, मराठीचा या शहराशी संबंध आहे आणि काही घरांत ती पिढ्यान्‌पिढ्या, कन्नडचे वळण घेऊन का होईना, नांदते आहे.

“अण्णा, सगळ्यांत मोठ्या आवाजाचा द्या,” तरुण म्हणाला. त्याचे बोट वर टांगलेल्या, एकामागून एक निरनिराळे सूर काढणाऱ्या हॉर्नकडे होते.

“काय म्हणालास?” म्हाताऱ्याने उजवा कान पुढे केला. तरुणाने पुन्हा सांगितले. चाळीस वर्षे हॉर्न वाजवून दाखवण्यात गेलेल्या माणसाला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकावे लागत होते.

तो हॉर्न काढून देण्यास म्हाताऱ्याने नकार दिला. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांतील 119 व्या नियमाप्रमाणे एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारा किंवा अवाजवी कर्कश हॉर्न वाहनाला लावता येत नाही. त्याच नियमात हॉर्न कशासाठी असतो हेही सांगितले आहे. वाहन येत आहे किंवा ते कोठे आहे, याची पुरेशी सूचना देणे हे त्याचे काम. कायद्याची भाषा सहसा रुक्ष असते. पण येथे तिने मर्मावर बोट ठेवले आहे. रस्त्यावरचा लहान वाहनवाला हॉर्न वाजवतो तेव्हा ‘मी येथे आहे’ एवढेच त्याला सांगायचे असते. टँकरपुढे दुचाकी म्हणजे हत्तीपुढे शेळी. तिला आवाज मोठा हवासा वाटला, तर त्यात उन्मत्तपणा नसून भीती असते.

म्हाताऱ्याने शंखाच्या आकाराच्या दोन कर्ण्यांची जोडी काढली. एक खालच्या सुराचा, दुसरा थोड्या वरच्या सुराचा. दोन्ही एकत्र वाजले की आवाज भरीव होतो. अशा हॉर्नची रचना शाळेच्या विजेच्या घंटेसारखी असते. विद्युतचुंबक पत्र्याच्या पडद्याला ओढतो, ओढताक्षणी विजेचा संपर्क तुटतो, पडदा मागे येतो, संपर्क पुन्हा जुळतो. हे एका सेकंदात काही शे वेळा घडते आणि पडद्याच्या थरथरीतून आवाज उमटतो.

बसवण्याच्या कामात मात्र घाई चालत नाही. मूळचा हॉर्न दोन-तीन अँपिअर विजेवर भागतो. ही जोडी आठ अँपिअरच्या आसपास वीज ओढते. ती सारी वीज बटणाच्या बारीक वायरीतून नेली, तर वायर तापते आणि बटणातले संपर्क जळतात. म्हणून रिले लावतात. बटणातून जाणारी थोडी वीज फक्त रिलेचे कुलूप उघडते. मोठी वीज बॅटरीपासून निघून, फ्यूजमधून आणि जाड वायरीने थेट कर्ण्यांकडे जाते. म्हाताऱ्याने गाडीची मूळ वायर कोठेही कापली नाही. पावसाचे पाणी साचू नये म्हणून त्याने कर्ण्यांची तोंडे पुढे पण किंचित खाली वळवली.

पाना फिरवता फिरवता त्याने टँकरची सारी हकिकत काढून घेतली.

“टँकर पुढे होता, की बाजूला?”

“मागून आला, अण्णा. उजवीकडून. मग माझ्या अंगावर.”

“आणि कर्ण्याची तोंडे पुढे.” म्हाताऱ्याने पान्याने हँडलच्या उजव्या बाजूला टकटक केले. तेथे आरशाचा नुसता दांडा होता. “हा कधी मोडला?”

“झाले चार-पाच महिने.”

तरुण गप्प झाला. ज्या टँकरला ऐकू यावे म्हणून तो एवढा खर्च करीत होता, तो मागून येत असताना त्याला स्वतःलाच दिसला नव्हता. चालकाची बैठक उजवीकडे असल्यामुळे टँकरच्या डाव्या अंगाला चिकटून असलेली दुचाकी चालकालाही दिसणे कठीण.

आवाजाचा हिशेबही मोठा फसवा असतो. तो डेसिबलमध्ये मोजतात. एका हॉर्नजवळ तेवढ्याच ताकदीचा दुसरा लावला, तर आवाज दुप्पट भासत नाही. केवळ तीन डेसिबलची भर पडते. आवाज कानाला दुप्पट वाटायचा, तर सुमारे दहा डेसिबल वाढावे लागतात आणि त्यासाठी ध्वनीची तीव्रता दहापट हवी. उलट, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबल उणे होतात. त्यातून समोरच्याच्या काचा बंद असल्या आणि आत गाणे चालू असले, की उरलेला बराचसा आवाज काचेवरच अडतो. तो पुरता पोहोचतो तो पायी चालणाऱ्याला, बसथांब्यावरच्या वृद्धाला, चौकात दिवसभर उभ्या असलेल्या पोलिसाला.

ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास महाराष्ट्रात 2015 मध्ये बंदी झाली. मुंबई वाहतूक पोलिसांनी 2020 च्या जानेवारीत एक चित्रफीत प्रसिद्ध केली. चौकातला आवाज 85 डेसिबलच्या वर गेला, की सिग्नलचा लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. लोक हसले, चित्रफीत देशभर पाहिली गेली. हॉर्न वाजायचे ते वाजतच राहिले. प्रत्येकाला वाटते, आपला हॉर्न गरजेचा आणि दुसऱ्याचा उपद्रवाचा.

“दोन्ही लावू, की एक काढू?” म्हाताऱ्याने विचारले.

तरुणाने थोडा विचार केला. “दोन्ही राहू द्या. पण आरसाही घाला.”

आरसा बसला. म्हाताऱ्याने तो गाडीवर बसवलेल्या तरुणाच्या नजरेला जुळवला आणि स्वतः मागे, रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. “दिसतो का?” त्याने ओरडून विचारले. तरुणाने हात वर केला. मग हॉर्न वाजवून पाहण्यात आला. शेजारच्या दुकानातल्या पोराने कानांवर हात ठेवले. म्हाताऱ्याने समाधानाने मान डोलावली. त्याला तो बेताचा वाटला असावा.

रात्री तरुण घरी पोहोचला तेव्हा दहा वाजून गेले होते. पत्नी गल्लीत आली. “वाजवून दाखवा की,” ती म्हणाली. वस्तीमध्ये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात हॉर्न वाजवण्यास मनाई आहे, हे त्याला त्या दिवशीच कळले होते. शिवाय आत मूल नुकतेच झोपले होते.

“उद्या सकाळी,” तो म्हणाला.

तिने गाडीभोवती एक फेरी मारली. “आणि आरसा? आरशाचे तर काही बोलला नव्हता तुम्ही.”

तेव्हा पायरीवर बसून त्याने तिला टँकरची हकिकत सांगितली.