एका दिवसाची चैन

डोंबिवलीकराला प्रवासाचे कौतुक सांगू नये. डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर 48 किलोमीटर. जाऊन-येऊन 96. वर्षातले 280 दिवस कचेरी धरली, तर वर्षाला 26,880 किलोमीटर होतात आणि तीस वर्षांच्या नोकरीत 8,06,400. चंद्र पृथ्वीपासून सरासरी 3,84,400 किलोमीटरवर आहे. म्हणजे निवृत्त होईपर्यंत डोंबिवलीचा साधा कारकून चंद्रावर जाऊन सुखरूप परत आलेला असतो आणि उरलेल्या अंतरात त्याची पृथ्वीप्रदक्षिणाही जवळजवळ पुरी झालेली असते. फरक एवढाच, की चंद्रावर गेलेल्यांना बसायला जागा होती!

अशा माणसाला रविवारी सकाळी "चला, कुठेतरी जाऊन येऊ" असे म्हणावे, तर तो उशी कानावर घेतो. बायकामुलांना आठवड्याचा एकच दिवस बाहेर पडायला मिळतो आणि घरच्या कर्त्याला आठवड्याचा एकच दिवस घरात राहायला मिळतो. डोंबिवलीतल्या निम्म्या घरांत रविवारचा पहिला वाद हाच असतो आणि पोह्यांबरोबर तो संपतो.

यावर अलीकडे एक तोड निघाली आहे. दिवाळी जवळ आली, की वर्तमानपत्राच्या घडीतून रंगीत कागद घरात येऊन पडतात. 'लक्झरी डे पिकनिक' असे त्यांवर ठळक छापलेले असते. वातानुकूलित बस, सकाळचा नाश्ता, पोहण्याचा तलाव, कृत्रिम पाऊस, दुपारचे जेवण, चारचा चहा आणि भजी, संध्याकाळी घरपोच. बदलापूर-कर्जतच्या बाजूला शेतांच्या कडेने अशी विश्रामस्थाने पुष्कळ झाली आहेत. जगात तर काही गावांचा संसारच अशा दिवसाच्या चैनीवर चालतो. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील पुएर्तो वायार्ता हे त्यांतलेच एक. हिवाळ्यात तेथील बांदेरास उपसागरात हम्पबॅक जातीचे देवमासे पिलांना जन्म देण्यासाठी येतात. पाहुणे सकाळी होडीत बसतात, देवमाशाचे शेपूट पाहून धन्य होतात आणि संध्याकाळी हॉटेलात परततात. पाहुण्याने बोटदेखील उचलायचे नाही, असा तिथला रिवाज.

आपल्या डोंबिवलीला समुद्र नाही, खाडी आहे. देवमासे नाहीत, डास आहेत. पण एका दिवसात जाऊन येण्याजोगी ठिकाणे मोजू लागलो, तर हाताची बोटे पुरायची नाहीत. प्रश्न ठिकाणांचा नाही, चैन कशाला म्हणायचे याचा आहे. माझे उत्तर सोपे आहे. चैन म्हणजे ओझे उतरणे. आपल्या मानेवर गर्दीचे, घड्याळाचे आणि चुलीचे अशी तीन ओझी असतात. ही तिन्ही ज्या दिवशी उतरली आणि उतरताना दुसऱ्याच्या पाठीवर पडली नाहीत, तो दिवस चैनीचा. मग खिशातून पाचशे गेले काय आणि पाच हजार गेले काय!

गर्दीचे ओझे उतरवण्याचा उपाय तर आपल्या स्टेशनातच आहे. रविवारचा नाद सोडावा आणि बुधवारी रजा काढावी. सकाळी आठच्या सुमारास मुंबईच्या फलाटावर माणसांची भिंत उभी असते. आपण मात्र कर्जतकडे जाणाऱ्या गाडीच्या फलाटावर जावे. गाडी येते, आपण चढतो आणि चक्क बसतो. तेही खिडकीशी! तीस वर्षे ज्या खिडकीसाठी माणसे एकमेकांशी भांडतात, ती उलट्या दिशेला फुकट मिळते. समोरून मुंबईची गाडी दाराला लोंबकळणारी माणसे घेऊन जाते, तेव्हा आपल्या हातात चहाचा पेला असतो. पोटात थोडे चुकचुकते खरे. पण चहाची गोडी काही कमी होत नाही.

मात्र खिडकी उजवीकडचीच धरावी. कल्याणला लोहमार्गाचे दोन फाटे होतात. एक कसाऱ्याला जातो, दुसरा कर्जतला. या दुसऱ्या फाट्यावर उजव्या हाताला मलंगगडाचा सुळका दिसू लागतो, पुढे चंदेरीचा उभा कडा येतो आणि मग माथेरानची लांबच लांब भिंत नेरळपर्यंत सोबत करते. पावसाळा सरला, की या डोंगरांवरचे धबधबे आटतात, पण हिरवा रंग कार्तिकापर्यंत टिकतो. एवढा देखावा कोणत्याही वातानुकूलित बसमधून दिसत नाही. तिथे पडदे ओढलेले असतात आणि सिनेमा चालू असतो.

ज्यांना अर्धाच दिवस काढता येईल, त्यांनी अंबरनाथला उतरावे. तेथील शिवमंदिरात शके 982 म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख सापडलेला आहे. शिलाहार राजांच्या काळातले हे देऊळ. बाहेरच्या भिंतीवर हातभर जागासुद्धा कोरीव कामावाचून मोकळी नाही. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून जावे लागते आणि उतरता उतरता बाहेरचा गोंगाट मागे राहतो. ज्या वालधुनी नदीच्या काठी ते उभे आहे, तिची आजची दशा पाहून मात्र मान खाली जाते. साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटांनी दगडाचे सोने केले; आपण पाण्याचे काय केले, ते तिथे उभे राहून नाकाला कळते.

नेरळला उतरले, की माथेरान. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी 1850 मध्ये हा डोंगर हेरला, आणि 1907 मध्ये आदमजी पीरभॉय घराण्याने 16 लाख रुपये खर्चून दोन फूट रुंदीच्या रुळांवर छोटी आगगाडी वर नेली. 2019 च्या पावसात हा मार्ग वाहून गेला होता. ऑक्टोबर 2022 मध्ये गाडी पुन्हा नेरळहून वर जाऊ लागली. पावसाळ्यात ती बंद असते. गाडी नसली, तरी नेरळहून टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंत नेते. पुढे मोटारींना मज्जाव आहे. त्या नाक्यापलीकडे पाऊल टाकले, की पहिली गोष्ट जाणवते ती शांतता. लाल माती, दाट झाडी आणि आपल्याच चपलांचा आवाज. भोंगा नाही, धूर नाही. रिक्षांच्या गजरात दिवस काढणाऱ्या माणसाला ही शांतता प्रथम जराशी भीतिदायकच वाटते!

याच माथेरानात चैनीचा दुसरा चेहराही दिसत आला आहे. पिढ्यान्पिढ्या तिथे हातरिक्षा चालत. एक माणूस पुढे ओढायचा, मागून दुसरा रेटायचा आणि मध्ये गादीवर पाहुणा बसायचा. चढणीवर ओढणाऱ्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगत आणि गादीवरचा पाहुणा हवा किती छान आहे, असे म्हणे. या हातरिक्षा सहा महिन्यांच्या आत बंद कराव्यात आणि ओढणाऱ्यांच्या हाती ई-रिक्षा द्याव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दिला. वृद्धांना आणि आजाऱ्यांना वाहन हवे, हे खरे. ओढणाऱ्याला पोट आहे, हेही खरे. म्हणूनच त्याच्या हातातून रिक्षा काढून न घेता त्याच रिक्षाला वीज जोडण्याचा विचार मला योग्य वाटतो. बसणाऱ्याचे ओझे उतरावे आणि ओढणाऱ्याचेही उतरावे, यालाच माणसाची चैन म्हणता येईल.

पण दूर माथेरानला कशाला जायचे? हातरिक्षा घरोघरी आहे. सहलीच्या दिवशी ती पहाटे चारला सुरू होते. पंधरा माणसांच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, दहीभात, लिंबाचे सरबत, शिवाय कोणाला मधुमेह म्हणून वेगळे. मंडळी डोंगरावर पोचून हवा खातात आणि गृहिणी कागदी बशा मांडते. परतल्यावर सगळे "दमलो बुवा" म्हणून आडवे होतात आणि डब्यांचा ढीग घासायला तीच उभी राहते. आमच्या इमारतीतल्या महिला मंडळाने काही वर्षांपूर्वी यावर एक ठराव केला. ठराव एका वाक्याचा आहे: 'सहलीच्या दिवशी कोणाच्याही घरी चूल पेटणार नाही.' पुरुषवर्गात थोडी चुळबुळ झाली. एका गृहस्थांनी बाहेरचे तेल घशाला सोसत नाही, अशी तक्रार केली. त्यांच्या पत्नी शांतपणे म्हणाल्या, "अहो, मग तुम्ही पुऱ्या लाटा. लाटणे मी देते." ठराव एकमताने संमत झाला! तेव्हापासून आमच्या सहलींत कर्जतचा बटाटेवडा हे राष्ट्रीय खाद्य आहे. त्या रंगीत कागदातल्या बसवर मी कितीही टीका केली, तरी तिचे एक पुण्य मान्य केलेच पाहिजे. तिथे बायकांना आयते ताट मिळते.

आता सर्वांत मोठी चैन सांगतो. ती समुद्राची. पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठावी. गेटवेहून मांडव्याला लाँच आणि कॅटामरान जातात. त्या पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मार्च 2020 पासून मोटारीसुद्धा पोटात घेणारी रो-रो बोट सुरू झाली आहे. तासाभराचे पाणी ओलांडले, की मांडवा; तिथून बसने अलिबाग. हिवाळ्यात पांढरे समुद्रपक्षी बोटीमागे उडत येतात. मुंबईचे मनोरे धुक्यात लहान लहान होत जातात. ज्या शहराने आयुष्यभर आपल्याला पळवले, ते असे मागे पडताना पाहण्यात एक वेगळेच समाधान आहे.

अलिबागेत पाहायचा तो कुलाब्याचा किल्ला. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये त्याचे काम सुरू केले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे बनले. चारी बाजूंनी खारे पाणी आणि आत गोड्या पाण्याचा साठा, हे त्याचे नवल. ओहोटीला वाळूवरून चालत जाता येते, भरतीला होडी लागते. म्हणून निघण्याआधी आगगाडीच्या वेळापत्रकाबरोबर पंचांगही पाहावे. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ येते. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे दुपारी साडेचारला भरती आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, ओहोटी. डोंबिवलीहून पहिल्या गाडीने निघालेल्याला हीच वेळ सोयीची. अष्टमीच्या आसपास ओहोटी दुपारी लागते, पण त्या दिवसांत पाणी फारसे मागे हटत नाही. हा हिशेब ढोबळ आहे; किनाऱ्यावर पोचल्यावर तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये. समुद्राला आपली परतीची बोट ठाऊक नसते.

किनाऱ्याजवळच भूचुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकाच्या नोंदी बिघडणार, म्हणून 1904 मध्ये ती इथे उभारली. मुंबईच्या धावपळीला कंटाळून अलिबागला येण्याची पद्धत चुंबकसूचीनेही पाळली, हे ध्यानात ठेवावे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तीन बिऱ्हाडे अशी निघालो, तेव्हा आमच्या मजल्यावरच्या एका आजी बरोबर होत्या. पन्नास वर्षे डोंबिवलीत काढून त्या कधी बोटीत बसल्या नव्हत्या. त्यांना वरच्या मजल्यावर कठड्याशी बाकावर बसवले. सून दर दहा मिनिटांनी येऊन विचारी, "आई, पाणी हवे? शाल देऊ? काही खाता?" शेवटी आजी म्हणाल्या, "बाळे, आज मला काही विचारू नकोस आणि तूही काही करू नकोस. इथे बस." सून बसली. दोघी मांडवा येईपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. पाण्याकडे पाहत राहिल्या. धक्का लागला, माणसे उतरू लागली, तरी दोघींना उठवेना.

टिटवाळ्याचा महागणपती, वसईच्या विजयानंतर चिमाजीअप्पांनी नवस फेडला ते वज्रेश्वरीचे देऊळ आणि तिथली गरम पाण्याची कुंडे, मुरबाडवरून पुढे गेल्यावर लागणारा माळशेज घाट, ही सारी ठिकाणेही एका दिवसाची. त्यांची नावे प्रत्येक डोंबिवलीकराला पाठ आहेत. अंगारकीला टिटवाळ्याला आणि पावसाळ्यातल्या रविवारी माळशेजला जाऊ नये, एवढे सांगितले की पुरे. गर्दीच पाहायची तर आपले स्टेशन काय वाईट आहे?

दिवाळी आटोपली, की हवा निवळते आणि फराळाचे डबे रिते होतात. कार्तिक-मार्गशीर्षाची पाने काढून त्यात एखादी षष्ठी पाहावी, शक्यतो कामाच्या वारी येणारी. कचेरीत रजेचा अर्ज द्यावा. कारण विचारले, तर खुशाल 'घरगुती' असे लिहावे. आणि आदल्या रात्री स्वयंपाकघरातून डब्यांचा आवाज येऊ लागला, तर उठून आत जावे आणि दिवा मालवावा.