टपावरचा तंबू

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. आधी मोतीबिंदू, मग गुडघा, मग दिवाळी. पण आताचं निमित्त वेगळं आहे. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी गाडीच्या टपावर झोपून आलो. ही बातमी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांपर्यंत माझ्या आधीच पोचली आणि "मास्तरांचं डोकं ठिकाणावर आहे ना?" असे फोनही येऊन गेले. तेव्हा झालं काय, ते एकदा नीटच सांगतो.

आमचे चिरंजीव पुण्यात असतात. भटकायची भारी हौस. दिवाळीच्या आधी फोनवर म्हणाले, "बाबा, गाडीसाठी तंबू घेतलाय. तुमच्याकडे येऊन बसवू या, इथे सोसायटीत कोणी बसवू देत नाही." मला वाटलं, गाडी झाकायची ताडपत्री असेल. आला तो एक भलामोठा चौकोनी खोका, अठ्ठावन्न किलोचा. आत घडी घातलेला तंबू, त्यातच गादी आणि ॲल्युमिनियमची शिडी. ही घडी गाडीच्या टपावर कायमची बसवून टाकायची. मुक्कामाला पोचलं की शिडी धरून ओढायची, की पुस्तक उघडावं तसा तंबू उघडतो. निम्मा टपावर आणि निम्मा बाजूला अधांतरी, त्याला टेकू त्या शिडीचा. दोन माणसं ऐसपैस झोपतात.

सौ. म्हणाली, "घरात दोन खोल्या रिकाम्या आहेत, आणि हा गाडीवर झोपणार." झालं, तिचा अभिप्राय संपला.

मला मात्र कुतूहल वाटलं. थोडी माहिती काढली. ही कल्पना मुळीच नवी नाही. इटलीत 1950 च्या दशकाच्या शेवटी असले तंबू निघाले. पूर्व जर्मनीत तर ट्राबांट नावाच्या त्या चिमुकल्या गाडीवरही लोक तंबू चढवून सुटीला जात. आपल्याकडे ॲम्बॅसिडर आणि फियाटच्या टपाला कडेने पन्हाळ असायची, तिच्यात अडकवून टॅक्सीवाले कॅरिअर बसवत. ते सामानासाठी. तिथे माणसाने झोपावं असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. आता आपल्याकडेही हे वेड आलं आहे. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणसुद्धा आणलं. पण कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर, ते महागाचं काम. तंबू त्या मानाने गरिबाचा. गरिबाचा म्हणजे, पुण्यात नोकरी असलेल्या गरिबाचा.

बसवायचं काम रविवारी सकाळी आमच्या अंगणात सुरू झालं. माहितीपुस्तक मोठ्याने वाचणं हे माझं काम. टपावर चालत्या गाडीत किती वजन चालतं आणि उभ्या गाडीत किती, हे दोन वेगळे आकडे असतात, हे मला तिथे कळलं. गाडी उभी असताना वजन फक्त सरळ खाली येतं. चालत्या गाडीत ब्रेक, वळण आणि खड्डे तेच वजन पुढेमागे, आडवं असं हिसडत असतात. म्हणून अठ्ठावन्न किलोचा तंबू वाहून नेताना भीती, आणि तीच गाडी उभी असताना त्यात दोन माणसं झोपली तरी हरकत नाही. गाडीच्या पुस्तकातला आकडा आणि आडव्या दांड्यांवरचा आकडा, यांत जो कमी तो धरायचा. त्यात दांड्यांचंही वजन मोजायचं. मी आयुष्यभर गणित शिकवलं, पण हे उदाहरण कुठल्या पुस्तकात नव्हतं.

छताला एकही भोक पाडायचं नाही, हे मी आधीच बजावलं होतं. मोटार वाहन कायद्याचं, 1988 च्या, कलम 52 आहे. गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठासून सांगितलं. चिरंजीव म्हणाले, "बाबा, नुसतं नटबोल्टचं काम आहे, उद्या काढून ठेवता येईल." तरी आरटीओत विचारून घे म्हटलं. मास्तरकी जात नाही हो.

आधी दोन आडव्या दांड्या बसवल्या. मग चौघांनी तंबू उचलला. दोन शेजारी, चिरंजीव आणि त्यांचा एक मित्र. मी हात लावला तो फक्त बोलण्यापुरता. तंबूच्या तळाला दोन खाचा असतात, त्यांत बोल्ट सरकवायचे, खालून दांडीला पट्टी लावायची आणि नट आवळायचे. आठ बोल्ट. सगळं झाल्यावर शिडी ओढली, तर ती रस्त्याच्या बाजूला उघडली! म्हणजे रात्री गाडी कडेला लावली, तर माणूस उतरणार तो थेट ट्रकसमोर. आठही बोल्ट पुन्हा सोडवले, तंबू उलटा फिरवला. तोवर पोह्यांची पातेली रिकामी झाली होती. एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: नट एकदाच आवळून भागत नाही. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा आवळायचे, कारण हादऱ्यांनी सगळं आपापल्या जागी बसतं आणि मग सैल पडतं.

पहिला मुक्काम कुठे करायचा? चिरंजीवांच्या मनात भंडारदरा होतं. मी म्हटलं, हिवरे बाजार. अक्काकडे.

अक्का माझी थोरली बहीण, आता ऐंशीची. नगरहून (अहिल्यानगर म्हणायची सवय 2024 पासून करतोय, जीभ वळत नाही) हिवरे बाजार सतराएक किलोमीटर. अक्का डोळ्यांच्या तपासणीसाठी आमच्याकडेच आली होती, तिला पोचवायचंच होतं. तिने गाडीकडे पाहिलं, टपाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बिऱ्हाड कुठं निघालं?"

निघालो. बाह्यवळणावर उसाच्या ट्रॅक्टरची रांग होती. एका ट्रॉलीत उसाऐवजी संसार. बांबू, चटया, पत्र्याची पेटी, पिंपं, आणि सगळ्याच्या वर दोन पोरं आणि एक म्हातारी. हंगामाला उशिरा निघालेली टोळी असणार. अक्का त्यांच्याकडे बघत राहिली, बोलली काही नाही. एवढ्यात आमच्या टपावरून मोठा गूं गूं आवाज सुरू झाला. साठच्या वर गाडी गेली की आवाज, खाली आली की बंद. चिरंजीवांना वाटलं दांडी ढिली झाली. थांबून सगळे नट तपासले, ते घट्ट होते. अक्का खिडकीतून म्हणाली, "पट्टा वाजतोय त्यो. पीळ दे त्याला." तंबूच्या आवरणावरून बांधलेला रुंद पट्टा सपाट ताणलेला होता. सोडून त्याला एक पीळ दिला, पुन्हा ओढला. आवाज गेला. सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो, पीळ दिला की थरथर मोडते, एवढंच त्यात आहे. चिरंजीव बघतच राहिले. "आत्या, हे कुठं शिकलात?"

"आमी बी टपावरच असायचो की," अक्का म्हणाली. "ट्रकच्या ताडपत्रीचा पट्टा असाच वरडायचा. किन्नर पीळ द्यायचा."

हे इथे थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे.

1972 च्या दुष्काळात हिवरे बाजारची विहिरी कोरड्या पडलेली, डोंगर बोडका झालेली जी अवस्था होती, ती आजच्या पाहुण्यांना सांगून पटत नाही. मुळात चारशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचं गाव, तोही आला नाही. पुढे कित्येक घरं बाहेर पडली. कोणी मुंबईला, कोणी पुण्याला. अक्का आणि दाजी दोन लेकरं घेऊन उसाच्या टोळीत गेले. मुकादमाची उचल घ्यायची, दिवाळीला निघायचं आणि पाडव्याच्या सुमारास परतायचं. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसाला हत्याराचं नाव. असे त्यांनी वीसेक हंगाम काढले.

त्याच वर्षी, जूनमध्ये, मला मास्तरची नोकरी लागली होती. जानेवारी 1973 मध्ये मी अक्काला भेटायला तिच्या फडावर गेलो. इस्त्रीचा शर्ट, हातात जिलबीचा पुडा. बांबू वाकवून त्यावर चटई आणि पाचट टाकलेली कोपी, आत ओणवं होऊनच शिरायचं. बाहेर तीन दगडांची चूल. अक्काच्या हातांना उसाच्या पात्यांचे चरे. तिने माझ्यासाठी पाचटावर धुतलेली वाकळ अंथरून ठेवली होती. दाजी म्हणाले, "मी गाडीखाली झोपतो, मास्तर आत झोपतील." मी म्हटलं, "नको, सहाची एसटी गाठली पाहिजे, उद्या शाळा आहे." अक्का बांधापर्यंत सोडायला आली. मी तालुक्याच्या गावी लॉजवर झोपलो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सौ.लाही नाही.

असो. आम्ही गावात शिरलो. हिवरे बाजारबद्दल आता खूप लिहून झालंय. पोपटराव पवार 1990 च्या सुमारास सरपंच झाले, 1994 मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आलं, 2020 मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. डोंगरउतारावर समतल चर खणले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, गवत विळ्याने कापून डोक्यावरून आणायचं ठरलं. पाणी वर आलं तरी गाव थांबलं नाही. पावसाळ्यानंतर पाण्याचा हिशोब मांडायचा, किती पाणी आहे ते पाहून पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. ऊस, केळी अशी पाणी पिणारी पिकं टाळायची. अक्का आणि दाजी 1995 नंतर दोन गाई घेऊन कायमचे परत आले. दाजी आता नाहीत. पण ते नेहमी म्हणत, ज्या उसापायी पाठ मोडली, तो गावात दिसत नाही हेच बरं.

चिरंजीवांना डोंगराजवळ मुक्काम करायचा होता. भाचा म्हणाला, "नको मामा. तिथं चूलबिल पेटवायचं मनात बी आणू नका. आपल्याच शेतात, बांधाला लावा." टपावरच्या तंबूला खुंट्या लागत नाहीत, ही इथे मोठीच सोय. आमच्याकडच्या मुरमात खुंटी ठोकणं म्हणजे हाताला फोड. फक्त गाडी सपाट उभी हवी, नाहीतर झोपलेला माणूस रात्रभर एका कडेला घरंगळतो. एका चाकाखाली दोन फरशा सरकवल्या. शेजारपाजारची पोरं जमली, वर-खाली करून शिडीचा जीव काढला. अक्काने शिडी दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिली आणि "टिकंल" असा निकाल दिला. जेवण झालं. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा.

वर झोपलो मी आणि चिरंजीव. डिसेंबरची थंडी, म्हणून सगळ्या खिडक्यांच्या चेन घट्ट लावल्या. इथे चुकलं. मध्यरात्री वरून टपटप थेंब! दव बाहेर पडायचं, आत कुठून आलं? आणि माझ्या वयाच्या माणसाला रात्री एकदा तरी उठावं लागतं, ते जाहिरातीत कोणी सांगत नाही. चष्मा शोधला, बॅटरी तोंडात धरली आणि कठड्याकडे तोंड करून उलटा उतरलो. दहा पायऱ्यांना पाच मिनिटं लागली असतील.

परत येताना पाहिलं, अक्का ओट्यावर बसलेली. झोप येत नाही म्हणाली. मी आत पाणी टपकतंय म्हणून सांगितलं.

"खिडकी उघडी ठेव. आपलीच वाफ आपल्या अंगावर पडती. पुढं पुढं पिलास्टिकचा कागद टाकायचो कोपीवर, तवा आसंच व्हायचं. लेकरं भिजायची."

मी शेजारी बसलो. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग म्हटलं, "अक्का, त्या वेळी मी राहिलो नाही."

"कवा?"

"फडावर आलो होतो तेव्हा. शाळा आहे म्हटलं होतं."

"शनिवार हुता," अक्का म्हणाली. "तितला बाजार शनवारचा. तुज्यासाठी वांगी आणली हुती बाजारातनं."

म्हणजे तिला तेव्हापासून माहीत होतं. बावन्न वर्षं. दर दिवाळीला मी येतो, ओवाळून घेतो, आणि तिला माहीत होतं. मला काही बोलता येईना. तिने माझ्या हाताला हात लावून पाहिला, "गार पडलास" म्हणाली आणि आत गेली. एक वाकळ घेऊन आली. जुन्या लुगड्यांची, जाड. ती खांद्यावर टाकून मला पुन्हा शिडी चढावी लागली. खाली अक्का शिडी धरून उभी होती, मी आत शिरेपर्यंत.

दोन्ही खिडक्या उघडल्या. नंतर थेंब पडला नाही.

सकाळी तंबू लगेच मिटायचा नसतो. ओला मिटला तर बुरशी येते. उन्हं वर येईपर्यंत थांबलो. गादी, उशा आतच ठेवून घडी होते, पण वाकळीसकट होईना. आवरणाची चेन वीतभर अलीकडेच थांबायची. चिरंजीव म्हणाले, आत्या, वाकळ राहू दे. अक्का म्हणाली, राहू दे कशाला, मागच्या शिटावर घाल. तिथे घातली. ती सध्या नगरला आमच्या घरी आहे. पुढच्या मुक्कामाला हवी म्हणून चिरंजीवांचा दोनदा फोन आला. मी अजून दिलेली नाही.