मंगळवारी दोन वाजता

अनुवादक म्हणून माझी पहिली मोठी चूक ‘अपेक्षा’ या शब्दाची. बांगलात अपेक्षा म्हणजे वाट पाहणं. उच्चार तेवढा ‘ओपेक्खा’. माझ्या पहिल्याच अनुवादात नायिका स्टेशनावर नवऱ्याची ‘अपेक्षा करत’ उभी होती. आईनं शब्दाखाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘वाट बघते आहे, की नवऱ्याकडून काही हवंय? एक काय ते ठरव.’

आई मिरजेत 31 वर्षं शिक्षिका होती. बांगलाचं एक अक्षर तिला येत नाही. मी जादवपूरला तुलनात्मक साहित्यात एम.ए. केलं, बुद्धदेव बसूंनी 1956 साली सुरू केलेल्या विभागात, आणि पुढं कोलकात्यातच राहिले. एवढी वर्षं बांगलात काढल्यावर आपल्या मराठीला कुठं कुठं बांगला चिकटलंय ते आपल्याला दिसेनासं होतं. आईला दिसायचं. माझा प्रत्येक खर्डा कुरियरनं मिरजेला जायचा आणि लाल होऊन परत यायचा.

2014 च्या उन्हाळ्यात खर्डा कोरा परत आला. सोबत दादाची चिठ्ठी : आईला वाचता येत नाही. उजवा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला होता, ते आम्हाला ठाऊक होतं. आता डाव्याच्या पडद्यालाही तोच आजार. जिथं बघावं तिथंच मधोमध डाग, कडेचं मात्र दिसतं. म्हणजे दारातून आत येणारा माणूस कळतो, त्याचं तोंड कळत नाही. महिन्याला एक इंजेक्शन, थेट डोळ्यात. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू. गेलेलं परत येईल असं धरू नका.

मी 24 पॉइंटात छापून पाठवलं, मग 36. भिंग झालं, टेबललँप झाला. मग एक दिवस शेजारचा मुलगा पुण्याहून नवा फोन घेऊन आला. पाच इंची पडदा. त्यानं आईसमोर मराठी बातमी उघडली आणि दोन बोटांनी अक्षर ताणून दाखवलं. काळ्यावर पांढरं, हवं तेवढं मोठं. चार महिन्यांत पहिल्यांदा आईनं काहीतरी वाचलं. शब्द होता ‘पाटबंधारे’. तिनं मला रात्री फोन करून तो सांगितला.

तसाच फोन हवा, असं तिनं ठरवलं. दुसरा नको. हट्ट अगदीच अनाठायी नव्हता. घरातल्या जुन्या फोनवर मराठीच्या जागी चौकोन यायचे, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसायची. मोठ्या पडद्याचे, नीट देवनागरी दाखवणारे फोन दुकानात होते, पण दुप्पट किमतीचे. हा दहा हजारांच्या आत होता, फक्त मिळत नव्हता.

ते वर्षच तसं होतं. जुलैत शाओमीनं एमआय थ्री भारतात आणला, 13,999 रुपयांना, आणि तो फक्त फ्लिपकार्टवर. मग तशा विक्रीचं पेवच फुटलं. सुटे भाग महिन्यागणिक स्वस्त होतात, दुकानदाराचं कमिशन वाचतं आणि ‘संपला’ या शब्दाइतकी चांगली जाहिरात नाही. म्हणून थोडे थोडे फोन काढायचे. आमच्या फोनच्या कंपनीचं नाव घेत नाही. तिचा वार मंगळवार होता. आधी नोंदणी करायची, मंगळवारी दोन वाजता लॅपटॉप उघडून बसायचं, आकडे उलटे मोजले जायचे, बटण दाबायचं. आणि संपला. मी नऊ मंगळवार बसले. पूजेच्या आठवड्यातल्या मंगळवारी शेजारच्या मांडवातून ढाक इतके जोरात वाजत होते की वाटलं, आज लागला. नाही लागला.

आमचे बाबा असते तर त्यांना यात नवं काय, असं वाटलं असतं. स्कूटरसाठी त्यांनी 1979 साली नंबर लावला होता, तो लागला 1986 साली. ‘ऑन’ देऊन लगेच घेणारेही होते. बाबांनी दिला नाही. तत्त्वाचा भाग किती आणि पैशाचा किती, देव जाणे. पण त्यांच्या पाकिटात एक पावती होती आणि पावतीवर आकडा होता. त्या आकड्याकडं बघून ते सात वर्षं थांबले. माझ्या नऊ मंगळवारांचा आकडा कुठंच लिहिला जात नव्हता. दहाव्या मंगळवारी मी पुन्हा, काल उगवलेल्या माणसाच्या शेजारी उभी. मराठीत ‘नंबर लावणं’ हा शब्दप्रयोग आहे, बांगलात ‘लाइन’ देतात. या प्रकाराला दोन्हीकडं क्रियापद सापडलं नाही. सोडत म्हणावी, तर तीही कुणी आपल्यासमोर काढत नाही.

खरं म्हणजे मला चीड मंगळवारांची नव्हती. आईचा डोळा आठवड्याच्या हिशेबानं चालत नव्हता, तिची भीती वाटत होती. दर इंजेक्शनानंतर दादा तिला भिंतीवरचं कॅलेंडर विचारायचा. ऑगस्टमध्ये तारखा दिसायच्या. ऑक्टोबरमध्ये महिन्याचं नाव. तेवढ्यात मी कादंबरीचं काम आईशिवायच पुरं करून प्रकाशकाला देऊन टाकलं. छापून आल्यावर एका परीक्षणात ‘मराठी किंचित परकी वाटते’ असं वाक्य होतं. मी ते आईला वाचून दाखवलं नाही.

दादा स्टेशन रोडच्या दुकानात विचारून यायचा. दुकानदार म्हणायचा, ‘येणार, पुढच्या महिन्यात येणार.’ नोव्हेंबरात तो हळूच म्हणाला, आहे एक, दोन हजार जास्त पडतील. दादानं मला फोन केला. मी हो म्हणाले. आई नको म्हणाली. ‘तुझ्या बाबांनी दिला नव्हता,’ एवढंच. मी फोनवर तिच्याशी भांडले, अगदी वाईट भांडले. डोळा कुणाचा चाललाय, असंही म्हणाले. ती म्हणाली, ‘माझा.’

फेब्रुवारीत तो फोन दुकानाच्या काचेत आला. एक नाही, चळतच्या चळत. किंमत पाचशेनं उतरलेली, वर कव्हर फुकट. दुकानदार दादाला हाका मारून बोलवत होता.

मी रजा काढून मिरजेला गेले. नव्या कादंबरीची पहिली वीस पानं फोनवर घातली. आईनं अक्षर ताणलं. आणखी ताणलं. ‘पाटबंधारे’च्या वेळी अख्खी ओळ मावली होती, आता पडद्यावर एक शब्द मावत होता, जोडाक्षरांचा असला तर तोही अर्धा. ती फोन तोंडासमोर न धरता डाव्या बाजूला धरत होती आणि भलतीकडंच बघत वाचत होती.

‘वाक्य दिसत नाही गं,’ ती म्हणाली. ‘शब्द दिसतो.’

मग आम्ही एक पद्धत काढली. मी वाक्य मोठ्यानं वाचायचं, तिनं बोटानं शब्दामागून शब्द सरकवत यायचं. दिवसाला पानभर होतं. मी कोलकात्याला परत आल्यावर हेच फोनवर सुरू राहिलं. आजाराची मजल कुठवर गेली ते तिच्या वेगावरून कळतं, ती सांगत नाही.

परवा तिसऱ्या पानावर ती थांबली.

‘हे काय आहे? व्यस्त. तो व्यस्त होता.’

‘म्हणजे कामात होता, आई.’

‘मग कामात होता असं लिही. व्यस्त प्रमाण असतं. माणूस व्यस्त म्हणजे काय, उलटा टांगला होता?’